करंगळीचा हट्ट

आत्या सांगलीत टायपिंगचा क्लास चालवते. टाइपरायटरच्या काळात सुरू केलेला क्लास आता संगणकांनी भरलाय. भाचा पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. नव्या नोकरीत त्याला मॅक मिळाला आणि त्यानं सगळ्यात आधी कंट्रोल आणि कमांड या दोन कळांची अदलाबदल करून टाकली. विंडोज-लिनक्सवर मुरलेल्या हाताला नवं काही शिकायला लागू नये, एवढाच हेतू. तो घरी आला असताना आत्याला सोसायटीचं एक पत्र टाइप करायचं होतं. तिनं तोच लॅपटॉप पुढं ओढला आणि दोन ओळींतच अडकली. पुढचा वाद त्यातून निघाला. मी तिथं होतो, आणि दोघांच्या मध्ये गप्प बसून नुसतं टिपून घेणं मला जमलेलं नाही.

आत्या: अरे, या कीबोर्डवर लिहिलंय एक आणि होतंय भलतंच. कमांड दाबलं तर कंट्रोल लागतंय.

भाचा: लागणारच, मी बदललंय ते. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात मॉडिफायर कीज. तिथं कंट्रोलच्या जागी कमांड निवडायचं आणि कमांडच्या जागी कंट्रोल. मिनिटभराचं काम. माझी डावी करंगळी कोपऱ्यात जाते, मधलं बोट सीवर, की झालं कॉपी. मॅकवर तेच करायला अंगठा वळवून स्पेसबारच्या शेजारी न्यावा लागतो. इतक्या वर्षांची सवय मी एका कंपनीच्या मर्जीखातर का मोडू?

आत्या: मोडू नकोस, दुसरी लाव. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना तर पहिलीही सवय नसते. महिनाभरात बोटं जागेवर बसतात.

भाचा: मुलांनी खाली बघू नये म्हणून तूच कळांवर कागद चिकटवायचीस. मग कळेवर काय छापलंय याचं तुला एवढं का?

आत्या: कागदाखाली जे होतं ते खोलीतल्या प्रत्येक मशीनवर तेच होतं म्हणून. परीक्षेला दुसरं मशीन आलं तरी पोरांचं बोट चुकत नव्हतं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा असो की चाळीसची, ‘बाई, माझ्या मशीनवर हे बटण दुसरीकडे होतं’ असं सांगणाऱ्याला कुणी मार्क देत नाही.

भाचा: टाइपरायटरवर ते ठीक होतं. दांडीच्या टोकाला अक्षर ओतलेलंच, कच्या दांडीतून ख निघणार नाही. पण हा कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, आत्या. नुसता क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या नियमात एची कळ म्हणजे ४, कॅप्स लॉक ५७, डावं कंट्रोल २२४. क्रमांक आला की सिस्टीम तक्ता उघडते आणि त्याचा अर्थ लावते. आणि गंमत बघ, विंडोजचं चौकटीचं बटण आणि मॅकचं कमांड, दोघांचा क्रमांक एकच, २२७. विंडोजचा कीबोर्ड मॅकला लावला की ते चौकटीचं बटण गुपचूप कमांड होतं. मग मी तक्त्यातल्या दोन ओळी बदलल्या तर कोणतं पाप केलं?

आत्या: पाप नाही रे. पण तक्ता तुझा, आणि टाइप करायला बसले मी.

हा तिचा पहिला नेमका घाव. भाचा त्यावर म्हणाला की प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं, ज्याचा तक्ता त्याच्यापाशी. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. व्यवहारात मात्र आपण दुसऱ्याच्या लॉगिनवरच ‘जरा एक मिनिट दे’ म्हणून बसतो.

भाचा: बरं, तुझ्याच धंद्यातलं बोलू. रेमिंग्टनवर शिकलेले कारकून जेव्हा संगणकावर आले, तेव्हा सीडॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचा लेआउट दिला होता की नाही? लोकांनी बोटं तशीच ठेवली आणि पडद्यावर मराठी उमटलं. ते रीमॅपिंगच होतं. त्यानं कित्येकांच्या नोकऱ्या सुरळीत चालू राहिल्या.

आत्या: राहिल्या. आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या मशीनपुढं तेच लोक हात बांधून बसले, हेही मी पाहिलंय. आणि नुसत्या कळा हलवून ते भागलंच नव्हतं. तुला ‘किती’ टाइप करायचंय. टाइपरायटरवर कागद डावीकडून भरत जातो, म्हणून आधी पहिली वेलांटी मारायची, मग क. संगणकाच्या इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये आधी क, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. काही अक्षरं तर टाइपरायटरवर अर्धी मारून मागून काना जोडायचा. एक कळ इकडून तिकडे ठेवणं वेगळं आणि कुणाच्या आधी कोण हेच बदलणं वेगळं.

भाचा: हो, ते साध्या तक्त्यात बसत नाही. युनिकोडमध्ये वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर. तू ती आधी मारलीस तर मधल्या प्रोग्रामला ती हातात धरून थांबावं लागतं, पुढचं अक्षर आलं की मागं चिकटवायची.

आत्या: म्हणून मग खोडताना गोंधळ. तुम्ही वेलांटी खोडायला जाता आणि जातं दुसरंच काही. हात जुना राहिला, पण काय चाललंय याचा अंदाज गेला. त्यापेक्षा मी इनस्क्रिप्ट शिकले. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ते प्रमाण केलं, पुढं १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही आलं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. कच्याच कळेवर शिफ्ट धरलं की ख, तवर धरलं की थ, लवर धरलं की ळ. जतची एक मुलगी येते माझ्याकडे, तिला कन्नडही लागतं. कन्नडचा क त्याच कळेवर आहे. एकदा शिकली, दोन भाषांचं काम झालं. तिनं पहिल्याच दिवशी आपल्या सोयीनं कळा हलवल्या असत्या तर हे तिच्या हाती कधी लागलं असतं?

भाचा: पण शिकायचा तो काळ कोण देणार? तुझ्या क्लासात माणूस शिकायलाच येतो. मला पहिल्या दिवसापासून काम द्यायचं होतं. नवी कंपनी, नवा कोड, नवी माणसं, आणि त्यात प्रत्येक कॉपीला मेंदूला टोचणी. एवढं एक तरी ओळखीचं राहू दे म्हटलं.

आत्या: हे मान्य. पण ओळखीचं राहिलं का सांग. खरं सांग.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं जे सांगितलं ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून त्याच्याच शब्दांत पण जरा सविस्तर देतो.

भाचा: कॉपी-पेस्ट, सेव्ह, अंडू, एवढं जमलं. मग एक शब्द मागं जायला म्हणून कंट्रोल आणि डावा बाण दाबला, तर कर्सर थेट ओळीच्या सुरुवातीला. कारण अदलाबदलीनंतर माझी करंगळी पाठवते कमांड, आणि मॅकवर कमांड-बाण म्हणजे ओळीचं टोक. शब्द ओलांडायला तिथं ऑप्शन लागतं. ब्राउझरमध्ये टॅब बदलायला कंट्रोल-टॅब मारलं, तर अख्खा प्रोग्रामच बदलला, कारण कमांड-टॅबचं काम ते. टर्मिनलमध्ये चालू प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं, तर काहीच नाही, मजकूर कॉपी करायला बघत होतं. मग मी कॅराबिनर नावाचं सॉफ्टवेअर घातलं आणि नियम लिहिले. टर्मिनल असेल तर अदलाबदल नको. ब्राउझर असेल तर टॅबपुरती नको. बाणांसाठी वेगळं. नियमाला अपवाद, अपवादाला पोटनियम.

आत्या: म्हणजे नवं मशीन शिकायला नको म्हणून त्याच्यावर तिसरंच मशीन बांधलंस.

भाचा: तसंच झालं म्हण.

कारण उघड आहे. विंडोजवर एकटं कंट्रोल जी कामं करतं, ती मॅकनं तीन कळांत वाटून दिली आहेत. प्रोग्रामला हुकूम द्यायचा तर कमांड, शब्दाशब्दानं सरकायचं तर ऑप्शन, टर्मिनलला थांबवायचं तर कंट्रोल. शिवाय नुसतं कंट्रोल-बाण दाबलं तर मॅक एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर नेतो. दोन कळांची नावं आलटूनपालटून तीन हिश्शांची वाटणी जुळणार कशी? कळेची जागा बदलणं स्वस्त असतं; कळेचा अर्थ बदलला की त्याची किंमत रोज थोडी थोडी चुकवावी लागते. मी इथं आत्याच्या बाजूचा आहे.

मात्र भाचा ज्या सवयीसाठी भांडतो, तिची वंशावळ त्याला अजून ठाऊक नव्हती. ती मी सांगितली. कापणे-चिकटवणे या कल्पनेमागचा प्रमुख माणूस लॅरी टेस्लर. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ७० च्या दशकात त्यानं ती संपादकात, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्राममध्ये आणली, पुढं तो ॲपलमध्ये गेला. १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा ॲपलच्या खास कळेबरोबर या कामाला लागल्या, आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर ती खास कळ कमांड झाली. त्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर कंट्रोल नावाची कळच नव्हती. विंडोजवर सुरुवातीच्या काळात कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट लागायचं. ते आजही चालतं, दाबून बघा. पुढं विंडोजनं तीच चार अक्षरं उचलली. पण पीसीवर कमांड कुठून आणणार? म्हणून ती कंट्रोलला बांधली. म्हणजे कोपऱ्यातल्या करंगळीची ही ‘मूळ’ सवय स्वतःच मॅकवरून हलवलेली आहे. आणि ती बांधताना जुन्या भाडेकरूला कुणी विचारलं नाही. आस्की संकेतात कंट्रोल-सीला तीन हा क्रमांक होता आणि टर्मिनलवर त्याचा अर्थ ‘थांब’ असा ठरून गेला होता. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीला शिफ्टही धरावं लागतं ते या भांडणापायी. मॅकवर हे भांडण नाही. थांबवणाऱ्याची कळ वेगळी, कॉपी करणाऱ्याची वेगळी.

भाचा: बघ आत्या, कंपन्यांनीच हलवाहलवी केली. मग मी केली तर काय बिघडलं?

आत्या: त्यांनी सगळ्यांसाठी एकदाच केली. तू एकट्यासाठी केलीस. फरक एवढाच, पण तो लहान नाही.

भाचा: सगळ्यांसाठी केलेलं नेहमी चांगलंच असतं असंही नाही ना. कॅप्स लॉक घे. एच्या डावीकडं, करंगळीच्या अगदी शेजारी, आख्ख्या कीबोर्डवरची मोक्याची जागा, आणि तिथं कोण बसलंय? ज्याचा उपयोग चुकून दाबलं गेल्यावर ओरडल्यासारखं इंग्रजी उमटण्यापलीकडं नाही, असं बटण.

इथं मात्र इतिहास पूर्ण त्याच्या बाजूनं बोलतो. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीवर एच्या डावीकडं कंट्रोलच होतं. कॅप्स लॉक खाली उजव्या बाजूला पडलेलं. ८० च्या दशकाच्या मध्यावर १०१ कळांचा कीबोर्ड आला आणि कॅप्स लॉक वर चढलं, कंट्रोल कोपऱ्यात गेलं. ज्यांनी आपले प्रोग्राम जुन्या जागा गृहीत धरून रचले होते, त्यांचे वारस तेव्हापासून कुरकुरत आहेत. ईमॅक्स या संपादकात पदोपदी कंट्रोल लागतं, आणि एमआयटीमधल्या ज्या स्पेस-कॅडेट कीबोर्डांवर ईमॅक्सवाली मंडळी काम करायची, त्यांवर कंट्रोल स्पेसबारच्या लगत, अंगठ्याखाली होतं. तोच ईमॅक्स आजच्या कीबोर्डवर चालवला की सगळा भार करंगळीवर येतो आणि ती दुखते. दुसरा संपादक व्हीआय. बर्कलीत बिल जॉय यांनी तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर लिहिला. त्यावर एस्केप होतं आज जिथं टॅब असतं तिथं, आणि एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून त्या संपादकात कर्सर आजही त्या चार अक्षरांनी हलतो. बाण गेले, अक्षरं उरली, एस्केप दूरच्या कोपऱ्यात गेलं. अशा लोकांनी कॅप्स लॉकचं कंट्रोल किंवा एस्केप करून घेतलं तर ती मोडतोड नाही. हलवलेली कळ त्यांनी जागेवर आणली. २०१६ साली मॅकबुक प्रोवर एस्केपची खरी कळच काढून तिथं टचबार दिला गेला, तेव्हा ॲपलनंही सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकला एस्केप करण्याची सोय घातली. लिनक्सवर कॅप्स लॉकचं कंट्रोल करणं ही एका ओळीची आज्ञा आहे आणि तो पर्याय तयारच ठेवलेला असतो. यावरून मागणी किती जुनी आहे ते समजा.

आत्या: कॅप्स लॉकवर माझं प्रेम नाही. मराठीत मोठी अक्षरं असतात कुठं? हलव खुशाल.

भाचा: अरे वा.

आत्या: पण एक लक्षात घे. ते हलवल्यानं दुसरं काही मोडत नाही, म्हणून मी हो म्हणते. आणि सवयीचं म्हणशील तर, आपल्या घरात चेतक स्कूटर होती आणि तुझ्या बाबांची मोटारसायकल होती. चेतकचा गिअर डाव्या हातात, मोटारसायकलचा पायात. तुझे बाबा सकाळी एक चालवायचे, संध्याकाळी दुसरी. कुणी चेतकचा गिअर पायात वेल्ड करून घेतला नाही. सीटवर बसलं की हातापायांना आपोआप कळायचं आपण कशावर आहोत.

भाचा: पण ते दोन्ही रोज चालवायचे. मी विंडोजवर परत जाणारच नाही आता.

आत्या: मग तर जुना गिअर धरून बसायचं कारणच संपलं!

भाचा हसला. पण हार मानली नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा आत्याला खरोखर लागला.

भाचा: तू म्हणतेस सगळ्यांना एकच. तुझ्याकडे एक मुलगा यायचा, प्रेसमध्ये काम करताना डाव्या हाताची दोन बोटं गेलेला. त्याला तू सगळ्यांसारखंच शिकवलंस?

आत्या: नाही. त्याच्या बोटांची वाटणी मी वेगळी बसवली. डाव्या हाताच्या काही कळा उजव्याला दिल्या. पण कळा हलवल्या नाहीत.

भाचा: टाइपरायटरवर हलवताच येत नव्हत्या. आज तो आला तर?

आत्या: आज आला तर... शिफ्ट धरून ठेवणंच त्याला जड जायचं. आज मी आधी स्टिकी कीज चालू करून देईन. शिफ्ट पाच वेळा दाबलं की विंडोज विचारतंच. मग शिफ्ट एकदा दाबून सोडायचं, नंतर अक्षर. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर हलवीन कळा. त्याच्यासाठी हलवीन.

भाचा: म्हणजे हात महत्त्वाचा.

आत्या: हात महत्त्वाचाच. तुझा हात धडधाकट आहे, एवढंच म्हणतेय मी.

या उत्तराला भाच्याकडे उत्तर नव्हतं, पण मला त्यात एक पळवाट दिसते. धडधाकट हात कायम धडधाकट राहतो असं नाही. दिवसभर करंगळी कोपऱ्यात वाकवणाऱ्यांची मनगटं कधी कुरकुरू लागतील याचा नेम नसतो, आणि कमांडची अंगठ्याशेजारची जागा त्या दृष्टीनं कोपऱ्यापेक्षा बरी. म्हणजे भाचा ज्या बदलाला छळ म्हणत होता तोच त्याच्या हाताला मानवणारा असू शकतो. अंगठा हे हाताचं सर्वांत दणकट बोट, आणि आपण त्याला नुसता स्पेसबार देऊन बसवून ठेवलंय.

त्याच्या घरच्या टेबलावर विंडोजचा जुना कीबोर्ड आहे, तो मॅकला लावून वापरतो. त्यावरची अडचण निराळी. विंडोजच्या कीबोर्डवर स्पेसबारला चिकटून ऑल्ट असतं आणि त्याच्या पलीकडं चौकटीचं बटण. मॅकला ऑल्ट म्हणजे ऑप्शन. म्हणजे अंगठ्याखाली कमांड यायला हवं तिथं ऑप्शन येतं. या दोघांची अदलाबदल तेवढ्या एका कीबोर्डपुरती करता येते. मॅकच्या सेटिंग्जमधल्या त्याच मॉडिफायर कीजच्या पानावर वर कीबोर्ड निवडायची सोय आहे. ही अदलाबदल मला पूर्ण पटते, कारण ती अर्थाला हात लावत नाही. लॅपटॉपवर अंगठ्याखाली जे आहे तेच बाहेरच्या कीबोर्डवर यावं, एवढंच ती करते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘हे तर मी म्हणते तेच झालं, सगळ्या मशीनांवर एकसारखं.’ भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे रीमॅपिंगच की.’ दोघंही खूश, आणि दोघांचंही बरोबर.

निवाडा असा काही झाला नाही. भाच्यानं कंट्रोल-कमांडची अदलाबदल काढून टाकली, निदान आत्यासमोर तरी. कॅप्स लॉकचं कंट्रोल करून ठेवलं. मग मराठी चालू असताना कॉपी चालेल का, अशी त्याला शंका आली. आत्यानं लगेच करून दाखवलं: इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळेवर म आहे आणि व्हीच्या कळेवर न, पण कमांड धरलं की मशीन अक्षराकडं बघत नाही, कॉपी-पेस्ट बिनबोभाट होतं. म आणि नवर बोटं ठेवून तिनं सोसायटीच्या पत्रातला परिच्छेद वरून खाली नेला. डाव्या अंगठ्यानं. पहिल्या झटक्यात नाही, पण गेला.

मग तिनंच विषय काढला.

आत्या: माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे. मराठी-इंग्रजी सारखं बदलावं लागतं, दोन-दोन बटणं धरून. ते कॅप्स लॉक नुसतं पडूनच आहे. त्याला ते काम देता येईल?

भाचा: आता बोल! पॉवरटॉइज घालून देतो. मात्र ते सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच. लॉगिनच्या पडद्यावर कॅप्स लॉक हे कॅप्स लॉकच राहील. तिथं सवयीनं दाबलंस तर पासवर्ड चुकेल.

आत्या: तिथंही बदलायचं तर?

भाचा: मग विंडोजच्या रजिस्ट्रीत स्कॅनकोडचा, म्हणजे कळांच्या क्रमांकांचा, तक्ता लिहावा लागेल. तो खाली, ड्रायव्हरच्या पातळीवर लागतो, मशीन पुन्हा सुरू केल्यावर. पण त्यात एका कळेच्या जागी दुसरी कळ देता येते, दोन कळांची जोडी नाही. आणि तो त्या मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांना लागू होतो.

आत्या: नको, पहिलंच बरं. माझ्या लॉगिनपुरतं कर. आणि ऐक, उद्या क्लासात येशील तेव्हा तिथल्या मशीनांना हात लावायचा नाही. महिन्यावर परीक्षा आली आहे पोरांची.